कॅनचा पैसा ट्रॅकवर का जातो? एनर्जी ड्रिंक आणि रेसिंग संघांचं गणित

प्रश्न तीन आहेत, पण एकमेकांत गुंतलेले. एनर्जी ड्रिंकच्या कंपन्या फॉर्म्युला वनच्या मोटारी आणि मोटोजीपीच्या बाईक पळवणाऱ्या संघांवर एवढा पैसा का ओततात? त्यातून त्यांना परत काय मिळतं? आणि आपल्याकडच्या एखाद्या रॅलीच्या किंवा सुपरक्रॉसच्या (मातीच्या ट्रॅकवरच्या बाईक शर्यतींच्या) टीमला त्यांच्याकडून काही मिळवायचं असेल तर दार कुठलं ठोठवायचं? मी पुण्यात राहून बरीच वर्षं स्पॉन्सरशिपचंच काम केलंय, तेही दोन्ही बाजूंनी. कधी टीमची फाईल घेऊन ब्रँडच्या ऑफिसात बसलोय, कधी ब्रँडच्या वतीने आलेले प्रस्ताव वाचून नाकारलेत. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी कॅनमध्ये काय असतं ते बघू. पाणी, साखर, कॅफिन, टॉरिन, थोडी ब-जीवनसत्त्वं. यातलं काहीही गुपित नाही, उद्या कोणीही बनवू शकतो, आणि बनवतातही. रेड बुल तर पेय स्वतः भरतही नाही. ते काम ऑस्ट्रियातली राउख ही फळांच्या रसाची कंपनी करून देते. मग कंपनीकडे स्वतःचं असं उरतं काय? नाव आणि त्या नावाभोवतीचा रुबाब. २०२४ साली रेड बुलने जगभरात १२.६७ अब्ज कॅन विकले आणि उलाढाल झाली ११.२ अब्ज युरो. भागाकार केला तर कॅनमागे कंपनीच्या हातात साधारण ८९ युरोसेंट पडतात, आपल्या हिशेबात ऐंशीएक रुपये. दुकानातली किंमत नव्हे, कंपनीच्या खात्यात येणारी रक्कम. साखरपाण्याच्या व्यवसायात हा आकडा अफाट आहे. स्वतःचे मोठे कारखाने पोसायचे नाहीत, कच्चा माल स्वस्त, मग उरलेला पैसा नाव मोठं करण्यात घालायचा. रेसिंग हा या कंपनीचा वरखर्च नाही, तिथेच त्यांचा खरा कारखाना आहे असं मी मानतो.

या धंद्याची सुरुवातही एका विक्रीवाल्यानेच केली. डीट्रिख माटेशिट्स हा ऑस्ट्रियन माणूस ब्लेंडाक्स या कंपनीत टूथपेस्टचं मार्केटिंग बघायचा. थायलंडमध्ये त्याला क्रेटिंग डेंग हे पेय भेटलं, तिथल्या चालेओ युविध्या यांच्याबरोबर भागीदारी झाली आणि १९८७ साली ऑस्ट्रियात रेड बुल बाजारात आलं. रेसिंगमधला पहिला चेहरा होता त्यांचाच ऑस्ट्रियन ड्रायव्हर गेरहार्ड बर्गर. पुढे १९९५ पासून रेड बुल स्विस संघ साउबरचा मुख्य प्रायोजक झाला आणि संघात मोठा हिस्साही घेतला.

इथे जे घडलं ते स्पॉन्सरशिपच्या धंद्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी सांगतो. २००१ च्या मोसमासाठी रेड बुलला गाडीत हवा होता त्यांनी जोपासलेला ब्राझिलियन ड्रायव्हर एन्रिके बर्नोल्डी. पीटर साउबर यांनी मात्र जवळजवळ अनोळखी असलेल्या किमी रायकोनेनला बसवलं. रेसिंगच्या दृष्टीने साउबर यांचं बरोबर होतं, किमी पुढे विश्वविजेता झाला. पण माटेशिट्सच्या बाजूने विचार करा. पैसा आपला, रंग आपला, आणि गाडीत कोण बसणार हे दुसरा ठरवणार. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं, तसं झालं. रेड बुलने साउबरमधला हिस्सा विकला. स्टिकर २००४ पर्यंत गाडीवर राहिले, पण मन उडालं होतं.

नोव्हेंबर २००४ मध्ये फोर्डला आपला जॅग्वार संघ गळ्यातून काढायचा होता. रेड बुलने तो नाममात्र एका डॉलरला घेतला. अट एवढीच की पुढची काही वर्षं संघात भरघोस पैसा घालायचा. वेळही नेमकी साधली गेली. युरोपीय संघात तंबाखूच्या प्रायोजकत्वावर ३१ जुलै २००५ पासून बंदी येणार होती. मार्लबरो, वेस्ट, माइल्ड सेव्हन यांच्या पैशांवर कित्येक दशकं हा खेळ चालला होता, आणि तो पैसा आता आटणार हे सगळ्यांना दिसत होतं. सगळे संघ नवा दाता शोधत असताना दात्यानेच संघ विकत घेतला. वर २००५ मध्येच इटलीतला छोटा मिनार्डी संघही घेतला आणि त्याचा टोरो रोसो केला. एका कंपनीचे दोन संघ, चार गाड्या. बर्नोल्डीसारखा प्रश्न पुन्हा उभा राहणार नाही याची सोय.

सुरुवातीला पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागच्या संघांच्या तळावर, लोक हसायचे. हे पार्टीवाले, यांना रेसिंग काय कळणार! रेड बुलचा 'एनर्जी स्टेशन' नावाचा पाहुणचाराचा भलामोठा मंडप, शर्यतीच्या ठिकाणीच छापून वाटलं जाणारं वर्तमानपत्र, २००६ ला मोनॅकोत डेव्हिड कुल्थार्ड तिसरा आला तेव्हा पोडियमवर अंगावर सुपरमॅनचा झगा. हसणाऱ्यांना एक दिसलं नाही: त्याच वर्षी एड्रियन न्यूई हा त्या काळातला सर्वांत नावाजलेला गाडी-रचनाकार या 'पार्टीवाल्यां'कडे आला होता. २००९ ला चीनमध्ये पहिला विजय, २०१० ते २०१३ सेबास्टियन फेटेलची सलग चार विजेतेपदं, आणि २०२३ मध्ये तर २२ पैकी २१ शर्यती. आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीनच ग्रां प्री झाल्या, तिन्ही फेटेलने जिंकल्या. तिसऱ्या वेळी चौथं विजेतेपदही तिथेच पक्कं झालं आणि पठ्ठ्याने मुख्य सरळ रस्त्यावर गाडी गोल गोल फिरवून धूर काढला. संघाला २५ हजार युरोंचा दंड झाला. ते चित्र जगभर कितीदा दाखवलं गेलं याचा विचार केला तर त्या वर्षातली ती सर्वांत स्वस्त जाहिरात ठरावी.

मालकीचा खरा फायदा पुढे दिसला. आज त्याच गाडीवर इतर कंपन्या पैसे देऊन नाव लावतात. २०२२ पासून संघाच्या नावात सगळ्यात आधी ओरॅकल ही सॉफ्टवेअर कंपनी आहे, आणि पाच वर्षांचा तो करार पन्नास कोटी डॉलरच्या घरातला असल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे जाहिरातीसाठी घेतलेली गोष्ट दुसऱ्यांना जाहिरातीची जागा विकू लागली. एका डॉलरला घेतलेल्या संघाची आजची किंमत अब्जांत मोजतात. साध्या प्रायोजकाच्या वाट्याला हे कधीच येत नाही. करार संपला की त्याच्याकडे फक्त जुने फोटो उरतात.

मॉन्स्टरने याच्या बरोबर उलटा रस्ता धरला, आणि तोही चुकीचा नाही. ही कॅलिफोर्नियातली कंपनी. आधी हॅन्सन नॅचरल नावाने फळांचे रस, सोडा विकायची. २००२ ला मॉन्स्टर आणलं आणि ते इतकं चाललं की २०१२ ला कंपनीने स्वतःचंच नाव बदललं. यांनी संघ विकत घेण्याच्या फंदात न पडता जिथे पोरं जमतात तिथे आपला हिरव्या पंजाचा लोगो चिकटवला. मोटोक्रॉस, केन ब्लॉक या रॅली ड्रायव्हरचे टायर जाळणारे व्हिडिओ, मोटोजीपीत यामाहा आणि व्हॅलेंतिनो रॉसी हा स्वार. फॉर्म्युला वनमध्ये २०१० पासून २०२३ पर्यंत मर्सिडीज, २०२४ पासून मॅक्लारेन. अमेरिकेत २०१७ ते २०१९ अशी तीन वर्षं नॅस्कार या तिथल्या मोटार शर्यतींच्या मुख्य मालिकेलाच त्यांचं नाव होतं. संघ हरायला लागला तर करार संपवून दुसरीकडे जायचं, अडकून पडायचं नाही.

मॉन्स्टरची दुसरी चाल लोक विसरतात. २०१५ ला कोका-कोलाने कंपनीत सुमारे १७ टक्के हिस्सा घेतला, स्वतःचे एनर्जी ड्रिंक ब्रँड मॉन्स्टरला देऊन टाकले आणि बदल्यात मॉन्स्टरचे कॅन कोका-कोलाच्या गाड्यांतून दुकानोदुकानी जाऊ लागले. गाडीवरचा लोगो बघून एखाद्याला कॅन घ्यावासा वाटला, पण कोपऱ्यावरच्या दुकानाच्या फ्रिजमध्ये तो नसेल, तर सगळा खर्च पाण्यात. स्पॉन्सरशिप मागायला जाणारी आपली मुलं हा भाग विचारातच घेत नाहीत. त्याकडे पुढे येतो.

आता एक गंमत जवळून बघा. मोटोजीपीची शर्यत संपते, पहिले तिघं बाईक लावून हेल्मेट काढतात. त्याच क्षणी संघाचा एक माणूस पुढे होतो. एका हाताने स्वाराच्या डोक्यावर टोपी चढवतो, दुसऱ्या हातात बाटली देतो, आणि देताना मनगट असं वळवतो की लेबल कॅमेऱ्याकडे राहावं. सवयीने झालेली हालचाल आहे, दोन सेकंदांत उरकते. टोपीवर एका ब्रँडचं नाव, बाटलीवर दुसऱ्याचं, मागच्या फलकावर तिसऱ्याचं. ही दोन सेकंदं करारात लिहिलेली असतात. आणि त्या बाटलीत बहुतेक वेळा असतं साधं पाणी किंवा क्षारांचं पेय. मॉन्स्टर तर आपल्या खेळाडूंना आणि कार्यक्रमांत 'टूर वॉटर' नावाने त्याच थाटाच्या कॅनमधून पाणीच देते. याला कारण आहे. २०२३ ला बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची भारतातली पहिली शर्यत झाली. उकाड्यामुळे फेऱ्या २४ च्या २१ केल्या, तरी दुसरा आलेला होर्हे मार्टिन शर्यत संपताच पाणी कमी पडून कोसळला. अशा अंगाला लागतं पाणी आणि मीठ. शंभर मिलिलिटरमागे अकरा ग्रॅम साखर असलेलं कॅफिनचं पेय तिथे कुठलाही शहाणा डॉक्टर देणार नाही. तेव्हा 'रेसर हेच पितात म्हणून जोरात पळतात' असं कोणी सांगत असेल तर हसून सोडून द्या.

गाडीवरच्या जागांचंही असंच. सगळ्यात मोठी जागा सगळ्यात महाग असतेच असं नाही. कॅमेरा किती वेळ कुठे बघतो त्यावर भाव ठरतो. ड्रायव्हरच्या डोक्यामागच्या कॅमेऱ्यातून गाडीचं नाक, आरसे आणि हेलो (ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची संरक्षक कमान) दिसतात, म्हणून तिथली वीतभर पट्टीसुद्धा चांगली विकली जाते. २०१८ ला हेलो नवीन आला तेव्हा सगळ्यांनी 'हा तर चपलेचा अंगठा' म्हणून चेष्टा केली, आणि फोर्स इंडियाने तीच जागा हवायानास या ब्राझिलियन चपलांच्या कंपनीला विकली! स्पॉन्सरशिप विकणाऱ्या माणसाने भिंतीवर लावावा असा तो सौदा.

हा लोगो अमुक सेकंद दिसला म्हणजे तमुक कोटींची जाहिरात झाली, असले अहवाल एजन्सीवाले देतात. ते मी वाचतो आणि बाजूला ठेवतो. सेकंद मोजता येतात, पण बघणाऱ्याने कॅन विकत घेतला का हे त्यातून कळत नाही. जाणते ब्रँड दुसराच हिशेब लावतात: संघाला एक रुपया दिला तर तो वापरून घ्यायला आणखी एक रुपया बाजूला ठेवायचा. व्हिडिओ, दुकानातले स्टँड, स्पर्धा, पाहुण्यांना पॅडॉक दाखवणं, या सगळ्याला. ज्याच्याकडे तो दुसरा रुपया नाही त्याने पहिला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसाच नसताना संघाच्या नावावर बसलेल्या कंपनीचं उदाहरणही याच क्षेत्रात आहे. २०१९ ला फॉर्म्युला वनमधल्या हास संघाच्या काळ्या-सोनेरी गाडीवर रिच एनर्जी हे नाव आलं. ब्रिटनमधली कंपनी, दावे मोठमोठे, पण दुकानात कॅन शोधून सापडत नसे. २०१७ च्या हिशेबपत्रकात बँकेत शिल्लक होती ५८१ पौंड. मे २०१९ मध्ये लंडनच्या न्यायालयाने ठरवलं की त्यांचा हरणाच्या शिंगांचा लोगो एका सायकल कंपनीच्या लोगोची नक्कल आहे. जुलैत कंपनीच्या ट्विटर खात्यावरून जाहीर झालं की संघाची कामगिरी वाईट म्हणून करार रद्द. लगेच भागधारकांनी सांगितलं की हे एका माणसाचं परस्पर कृत्य. सप्टेंबरात फारकत झाली. हासला हे आधी कळायला हवं होतं का? हो. पण संघ पैशाला इतके आसुसलेले असतात की खातं तपासण्याऐवजी प्रेझेंटेशन बघतात. आपल्याकडेही हेच चालतं, फक्त रकमा लहान असतात.

शिवाय मालकी घेतली म्हणजे यश मिळतंच असंही नाही. रेड बुलने २००७ ते २०११ नॅस्कारमध्ये स्वतःचा संघ चालवला, दोन शर्यती जिंकल्या आणि गाशा गुंडाळला.

आपल्याकडे या पैशाच्या खुणा कुठे आहेत? २०२३ च्या मार्चमध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडवर कुल्थार्डने आरबी७ ही २०११ ची विजेती गाडी पळवली. जुनी गाडी का, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. जुनं व्ही८ इंजिन आजच्या हायब्रिडपेक्षा सांभाळायला सोपं, आणि आवाज असा की मुलं घरी जाऊन आठवडाभर तेच बोलतात. ब्रँडला तो आवाजच हवा असतो. मुंबईचा ड्रायव्हर जेहान दारूवाला २०२० मध्ये रेड बुलच्या ज्युनियर संघात गेला, फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरच्या फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकल्या, तरी फॉर्म्युला वनची जागा मिळाली नाही. ती गाळणी फार बारीक आहे. बंगळुरूचा बाईकस्वार सी. एस. संतोष २०१५ ला डकार ही वाळवंटातली लांब पल्ल्याची रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, तोही रेड बुलचाच खेळाडू. आणि पुण्यातल्यांना दूर जायलाच नको. चाकणच्या बजाजच्या कारखान्यातून निघणारी केटीएम ड्यूक घेतली की पहिल्या आठवड्यात पोरगा टाकीवर लाल बैल चिकटवतो, कारण मोटोजीपीतल्या केटीएमवर तो असतो. स्टिकर पंधरा-वीस रुपयांचा, बनावट, एफसी रोडवर मिळणारा. रेड बुलला त्याचा एक पैसा मिळत नाही, पण कुठल्याही ब्रँड मॅनेजरला विचारा, त्याला अशी फुकटची जाहिरात हवीच असते.

भारतातला खरा बदल मात्र रेड बुल आणि मॉन्स्टर या दोघांमुळे झाला नाही. पेप्सिकोच्या स्टिंगने वीस रुपयांची प्लॅस्टिकची बाटली आणली आणि गावातल्या टपरीपर्यंत एनर्जी ड्रिंक पोचलं. २०२५ मध्ये पेप्सिकोने थेट फॉर्म्युला वनशीच करार केला आणि स्टिंग त्या मालिकेचं अधिकृत एनर्जी ड्रिंक झालं. कुठल्या एका संघाचं नव्हे, संपूर्ण मालिकेचं. ज्या गिऱ्हाइकाने आयुष्यात शर्यत पाहिली नाही त्याच्या हातातल्या बाटलीलाही आता फॉर्म्युला वनचं नाव लावता येतं.

आता छोट्या टीमचं. मोठ्या ब्रँडच्या मुख्य ऑफिसला मेल पाठवून काही होत नाही. खेळाडू कोण घ्यायचे हे ते स्वतः हेरतात. दार ठोठवायचं ते तुमच्या भागातल्या वितरकाचं आणि ब्रँडच्या शहरातल्या मार्केटिंगवाल्याचं. पहिली मागणी पैशाची करू नका, मालाची करा. शर्यतीच्या दिवशी चार-सहा खोकी कॅन, एक छत्री, एक फ्रिज. हे त्यांच्या नमुने वाटण्याच्या बजेटमधून लगेच निघतं, वरची सही लागत नाही. मग त्या दिवशी किती कॅन कुणाला वाटले, आसपासच्या कुठल्या दुकानांत माल होता, तुमच्या व्हिडिओखाली लोक काय म्हणाले, हे पानभर लिहून आठवड्याच्या आत द्या. असं पान देणाऱ्या टीम हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. पुढच्या मोसमात तोच माणूस तुमची फाईल घेऊन त्याच्या साहेबाकडे जातो.

फाईलमध्ये 'आम्हाला स्वप्न पूर्ण करायचंय' असलं काही लिहू नका. ब्रँडवाला दिवसाला अशी पाच स्वप्नं वाचतो. तुमच्याकडे काय आहे ते लिहा: तारखा, ठिकाणं, गर्दी, गाडीवर आणि हेल्मेटवर कुठे किती जागा, आणि महिन्याला किती व्हिडिओ देऊ शकता. हेल्मेट वेगळं विकायला शिका. फोटोत चेहरा असतो तिथेच हेल्मेट असतं, म्हणून स्वाराचा वैयक्तिक प्रायोजक आणि टीमचा प्रायोजक यांच्यात भांडण लागतं ते हेल्मेट आणि टोपीवरूनच. स्वाराशी करार करतानाच लिहून घ्या की पेयाच्या प्रकारात तो स्वतंत्र करार करू शकतो की नाही. नंतर निस्तरत बसायला वकिलाचा खर्च परवडत नाही.

लहान मुलांच्या कार्टिंगला मात्र यातून वगळा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे कॅफिनयुक्त पेयात लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंतच कॅफिन चालतं, आणि मुलं व गर्भवतींसाठी नाही अशी सूचना डब्यावर द्यावी लागते. पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून अठराच्या आतल्यांना विक्रीच बंद केली. महाराष्ट्रातही जुलै २०२४ मध्ये शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनची पेयं विकायला बंदी आणण्याची घोषणा सरकारने विधान परिषदेत केली होती. दिशा स्पष्ट आहे. सिगारेटवाल्यांच्या बाबतीतही आधी विक्रीवर, मग जाहिरातीवर आणि शेवटी गाडीच्या रंगावर नियम आले. बारा वर्षांच्या पोराच्या हेल्मेटवर असा लोगो लावून मिळणारे दोन रुपये मी तरी घेणार नाही, आणि आता मोठे ब्रँडही ते देताना दहादा विचार करतात.

म्हणूनच एनर्जी ड्रिंकशी तीन वर्षांचा करार करत असाल तर दोन कलमं घालून घ्या. एक, जाहिरातीचा कायदा बदलून लोगो काढावा लागला तरी त्या मोसमाचा ठरलेला हप्ता टीमला मिळेल. दोन, पैसे मोसमाच्या शेवटी नकोत. पहिली शर्यत सुरू व्हायच्या आत निम्मे खात्यात जमा. त्यावर खळखळ करणाऱ्या कंपनीचा बॅलन्स शीट मागवून बघा.